भाचीच्या घोरण्याची नक्कल

माझ्याकडं नकला बऱ्याच हायत. हातकणंगल्याच्या शाळेतले आमचे हेडसर, प्रार्थना मधीच थांबवून "कोन बोल्लं रं त्यो?" करणारे. पंगतीत "वाढा की पावण्यास्नी" म्हणून वरडणारा म्हातारा, ज्याच्या सोत्ताच्या ताटात अजून मीठसुदीक पडल्यालं नसतंय. कुकर, पिठाची गिरण, सर्दी झाल्याली म्हस. कोल्हापुरात रिक्षाला कर्णा बांधून सेलच्या जाहिराती फिरत्यात बघा, त्यात निम्म्यात मीच हाय. "या या या" करणारा गडीबी मीच आणि "अय्या, एवढ्या स्वस्त?" म्हणणारी बाईबी मीच. आमच्या आईला हे अजून कुणाला सांगायची लाज वाटती.

एक नक्कल मात्र मी आता करत न्हाय. लोकं मागत्यात, हळदीत तर माईक हातात कोंबत्यात. ती माझ्या भाचीच्या घोरण्याची.

भाची म्हंजे माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची पोरगी. एकुलती. आक्का दिलीय इचलकरंजीजवळ कबनूरला. दाजींचे कापडाचे सहा माग हायत, आणि शेडची आणि घराची भिंत एकच. माग बघितला नसंल तर सांगतो, सहा माग म्हंजे सहा माणसं पत्र्यावर एकसारखी हातोडी मारत बसल्यात असं समजा, आणि ती जेवायलाबी उठत न्हाईत. आठवड्याची सुट्टी असली तरी शेजाऱ्याचे चालूच. त्या घरात कुणी बोलत न्हाय, सगळी वरडत्यात. आक्काचा फोन आला की मी हातभर लांब धरतो आणि तरी आईला सैपाकघरात ऐकू येतंय.

पोरगी त्या आवाजातच जन्मली आणि त्या आवाजातच झोपायला शिकली. आक्काला त्याचं कोण कौतिक. "माझी पोरगी बघ, भिंतीपल्याड सहा माग खडखडायल्यात आणि ही ढिम्म. असली गाढ झोप राजाच्या पोराला नसंल." कुठंबी झोपायची ती. रिक्षात, लग्नाच्या खुर्चीवर, एकदा तर हातात भाताचा घास धरून. आमी हसायचो. फोटो काढायचो.

ती पाच वर्षाची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिल्यांदा आठ दिस आमच्याकडं राह्यली, आक्काशिवाय. आमचं घर कोल्हापुरात, दोन खोल्या, मागं पेरूचं झाड आणि शांतता. दुपारी जेवली आणि चटईवर आडवी झाली. मी पलीकडं जाहिरातीचं काहीतरी लिहीत बसलोतो. जरा वेळानं मला वाटलं बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर लावलाय. उठून बघतोय तर ट्रॅक्टर चटईवर.

मान मागं टाकल्याली, तोंड उघडं, केस घामानं कपाळाला चिकटल्यालं. एवढीशी पोर आणि आवाज असा की वाटावं पोटात दाजीच बसल्यात.

आईला हाक मारली. आई बघून म्हणली, "सर्दी हाय रं बाईला. ल्हान पोरं घोरत्यात. तू काय कमी घोरायचास?"

मी तिथंच बसलो. माझी ती सवयच हाय. नवीन आवाज घावला की मी पयला त्याची चाल धरतो, कुठनं सुरू होतोय, कुठं चढतोय, कुठं मोडतोय. हिचा चार-पाच वेळा घर्र, घर्र करून चढायचा, आणि मग एकदम बंद. पार बंद. पोट तेवढं खालीवर हुयाचं, छाती आत वढली जायाची, पण आवाज न्हाय. मी वाट बघायचो. आणि मग एकदम "हाप्" करून सगळं अंग हलायचं, कूस बदलायची, आणि परत पहिल्यापासनं घर्र.

माझ्या डोक्यात त्यावेळी काय आलं ते मी खोटं सांगणार न्हाय. माझ्या डोक्यात आलं, च्यायला, काय टायमिंग हाय.

तिचा सहावा वाढदिवस कबनूरला झाला. शेडच्या पुढच्या मोकळ्या जागेत खुर्च्या, फुगं, शेजारची पोरं, मागावरची माणसं. दाजी म्हणले, "मेव्हणं, कायतरी होऊन जाऊ द्या की." मी हेडसर केले, म्हस केली, आणि मग म्हणलो, "आता कबनूरचा सातवा माग!"

मागावर धागा तुटला की माग बंद पडतोय, माणूस येतोय, धागा जोडतोय, माग परत चालू. हे तिथल्या शेंबड्या पोराला ठावं. मी घोरणं चालू केलं, पण मागाच्या तालात. घर्र खट्याक, घर्र खट्याक. लोकांनी लगेच वळखलं कुणाचं, कारण मी मान मागं टाकून तिच्यासारखं तोंड केलंतं. मग एकदम थांबलो. हात वर केला. सगळी गप. मी बारीक आवाजात म्हणलो, "धागा तुटला..." आणि थांबलो तसाच. आणि मग "हाप्!"

माणसं खुर्चीवरनं पडायची राह्यली. दाजींच्या डोळ्यातनं पाणी. एक कामगार नुसता मांडीवर थापा मारायलाता. दुसऱ्यांदा केलं तवा "धागा तुटला" मी म्हणायच्या आधी सगळी पोरंच वरडली. त्याहून मोठी पावती नकलाकाराला कुठली असती?

भाची डोक्यावर कागदी टोपी घालून केकाफुडं हुबी हुती. ती बी हसली. सगळी हसायल्यात म्हणून हसली. मग माझ्याजवळ येऊन माझी पँट वढून म्हणली, "मामा, मी असं करतो?"

आमच्याकडं पोरीबी 'करतो', 'जातो'च म्हणत्यात.

"व्हय की. सातव्या मागाची मालकीण हायस तू."

ती आक्काकडं बघायला लागली. आक्का हसून हसून पदरानं तोंड पुसायलीती.

त्यानंतर ती नक्कल माझा हुकमाचा पत्ता झाली. हळदीत, बारशात, गणपतीत मंडळाफुडं. इचलकरंजीकडं तर मी दिसलो की पोरं लांबनं "धागा तुटला" करायची. एकानं व्हिडिओ काढला, तो पावण्यांच्या ग्रुपवर आला, तिथनं कुठं कुठं गेला. मला बरं वाटायचं. रिक्षाच्या कर्ण्यातला आवाज कुणाचा हे कुणाला ठावं नसतंय, इथं तोंड दिसायलंतं.

मधल्या वर्षात पोरीचं काय चाललंतं ते मला आक्काच्या फोनवरनं कळायचं. म्हंजे ऐकू यायचं. कळायचं का न्हाय हे येगळं.

शाळेतनं वहीत लिहून आलं की मुलगी वर्गात पेंगते, लक्ष देत नाही. आक्कानं आधी मोबाईल काढून घेतला. मग दोन धपाटे दिले. मग दृष्ट काढली. मग टॉनिक. पोरगी जेवायला तासभर घ्यायची, घास गिळताना मान उंच करायची, अंगावर मास धरंना. सातवं लागलं तरी अंथरूण ओलं. सकाळी उठली की डोकं दुखतंय म्हणायची आणि आक्का म्हणायची, "शाळंला जायचं म्हणलं की बरं दुखतंय गं तुझं." घसा तर महिन्या-दोन महिन्याला सुजायचा. औषध घेतलं की उतरायचा, परत यायचा. आणि वर्गात डुलकी लागली की मागच्या बाकावरनं आवाज यायचा, "ए, धागा तुटला!"

हे शेवटचं आक्कानं मला हसत सांगितलं. "तुझी भाची शाळंत फेमस झाली बघ."

मी पण हसलो. थोडं कमी हसलो, पण हसलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती आली आणि दुपारी झोपंना. डोळं तांबडंलाल, पण बसून राह्यची. उठून मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायची. एकदा बघितलं तर दंडाला सोत्ताच चिमटं काढत बसल्याली. दर दुपारी इचारायची, "मामा, तू आज भायेर जाणार हायस का?" मला वाटलं बर्फाचा गोळा पायजे असंल. मी म्हणायचो, "न्हाय, आज तुझ्याबरोबरच हाय की." तिचं तोंड उतरायचं. मला काय समजायचंच न्हाय.

तिसऱ्या का चवथ्या दिवशी तिनंच सांगितलं. लई हळू बोलली, मागाच्या घरातली पोरगी एवढी हळू बोलती हे मी पहिल्यांदा ऐकलं. "मामा, मी झोपल्यावर माझं ऐकू नको."

"न्हाय ऐकत."

"आणि करून दाखवू नको."

"न्हाय."

"आज्जीची शपथ?"

"आज्जीची शपथ."

त्या दिवशी ती भिंतीकडं तोंड करून, आमच्या आईचं जुनं लुगडं डोक्यावरनं घेऊन झोपली. मी खोलीबाहेर गेलो न्हाय. मी ऐकलं. मधली शांतता गेल्या वर्षीपरास लांबलीती. हे माझ्या कानाला कळलं, कारण माझी जुनी चाल तिच्यावर बसंना. आणि मी काय केलं, मनातल्या मनात चाल दुरुस्त केली.

त्याच वर्षी गणपतीत मंडळाच्या पोरांनी "धागा तुटला, धागा तुटला" म्हणून गोंगाट केला आणि मी परत केली. शपथ आईची हुती, आई तिथंच तिसऱ्या रांगेत बसून हसायलीती, म्हणजे तिला काय झालेलं न्हाय असं मी सोत्ताला सांगितलं.

दिवाळीनंतर पोरीचा घसा परत सुजला आणि ताप उतरंना, तवा इचलकरंजीच्या डॉक्टरांनी सांगितलं की एकदा कोल्हापुरात कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. आक्का तिला घिऊन आली. मी गाडीवरनं दोघींना दवाखान्यात नेलं. बाहेर थांबणार हुतो, पण भाची माझं बोट सोडंना.

डॉक्टर बाई हुत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी पोरीच्या तोंडात बॅटरी मारली, जीभ दाबली आणि "हं" केलं. मग वाफ धरती का बघायला नाकाखाली एक थंडगार चमचा धरला आणि म्हणाल्या, "तोंड मीट बघू." पोरीनं मिटलं. जरा वेळानं आपोआप उघडलं.

"झोपेत घोरते का?"

आक्का म्हणली, "न्हाय हो डॉक्टर. लई गाढ झोपती. बाजूला सहा माग चालू असत्यात, तरी डोळा उघडत न्हाय."

"घोरत नाही? नक्की?"

"मी कुशीत घिऊन झोपतो की. न्हाय घोरत."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागल्या. मी मोबाईलकडं बघायला लागलो. मोबाईलवर काय नव्हतं. मला वाटलं आईनं आक्काला सांगितलं असंल घोरण्याचं. मग वाटलं आक्कानं नक्कल बघितलीय की, शंभर वेळा बघितलीय. मग कळलं. तिला ती नक्कल वाटलीती. म्हंजे मी वाढवून सांगितल्यालं, चार माणसं हसावीत म्हणून केल्यालं. आपली पोरगी खरंच तशी करती हे तिला कधी ऐकूच आलं नव्हतं. मागाच्या घरात ऐकू कुठनं येणार? हे घोरणं ऐकल्याली माणसं जगात दोनच. त्यातली आमची आई "सर्दी हाय" म्हणून मोकळी झालीती.

तरी मी मोबाईलच बघत राह्यलो. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

तवा भाची बोलली. खुर्चीवरनं पाय हलवत, डॉक्टरांकडं बघून. "मामाला येतंय माझं घोरणं. मामा, कर की."

आक्का म्हणली, "गप गं, दवाखान्यात काय..."

डॉक्टर म्हणाल्या, "नाही, करू दे. करा हो."

आयुष्यात मला नक्कल करायला लाज वाटली न्हाय कधी. त्या दिवशी वाटली. मागाचा ताल काढून टाकला, हात वर करायचं काढून टाकलं. नुसतं केलं. घर्र, घर्र, घर्र. थांबलो. हाप्.

कोण हसलं न्हाय.

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "मध्ये का थांबलात?"

"ते... तिथं धागा तुटतोय."

"काय?"

"न्हाय म्हंजे, ते आमचं इनोदाचं..."

"विनोद राहू दे. तुम्ही थांबलात की ती थांबते?"

"ती थांबती."

"एवढाच वेळ?"

मी आक्काकडं बघितलं न्हाय. "न्हाय. ती लई येळ थांबती. मी कमी करतो."

"का?"

"लोकं कटाळत्यात."

त्या खोलीत पंखा हुता, त्याला मधीमधी टक्क करायची खोड हुती. तो आवाज मला अजून काढता येतोय.

डॉक्टरांनी कागदावर नाक आणि घसा काढून आक्काला समजावलं. घशाच्या दोन्ही बाजूच्या गाठी वाढल्यात, नाकाच्या मागंबी एक वाढलीय. जागेपणी वाट कशीतरी उघडी राहते. झोप लागली की घसा सैल पडतो आणि वाट बंद होते. छाती-पोट हवा ओढायला बघतं, पण हवा आत जात नाही. मग मेंदू तिला हलवून जागं करतो. तिला आठवत नाही, पण रात्रभर हेच चालतं. "तुम्ही म्हणता तशी ती गाढ झोपत नाही हो," त्या म्हणाल्या. "ती झोपतच नाही नीट. पोरगी आळशी नाहीय, दमलेली आहे."

आक्कानं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. जिथं धपाटे दिले असतील तिथंच ठेवला असंल, असं मला वाटलं.

डॉक्टर मला म्हणाल्या, "तुमची नक्कल मला पुरणार नाही. मला खरं पाहिजे. कपडे सैल करून, छाती-पोट दिसेल असा व्हिडिओ काढा. मध्ये थांबवू नका. कापू नका काही."

त्याच दिवशी दुपारी आमच्या घरी तिला झोपवलं. सहज झोपली न्हाय. "कुणाला दाखवणार?" म्हणून तिनं चारदा इचारलं. "डॉक्टरबाईंना एकटीला. मग पुसून टाकणार." "आज्जीची शपथ?" माझ्या तोंडातनं शपथ निघंना. आक्कानं घेतली.

मी मोबाईल धरून बसलो, आक्का उशाला. आईनं रेडिओ बंद केला. पोरगी घोरायला लागली, आणि आक्का पहिल्यांदा ऐकत हुती. सात वर्षं कुशीत घिऊन झोपल्याली बाई, पहिल्यांदा. आधी तिचं तोंड थोडं हसरं झालं, माझ्या नकलेसारखंच हाय म्हणून. मग आवाज बंद पडला. पोट वढायला लागलं, गळ्याजवळ खड्डा पडायला लागला. आक्का माझ्याकडं बघायला लागली. परत पोरीकडं. तिचा हात पुढं आला, मी डोळ्यानं "थांब" म्हणलो. कापायचं न्हवतं काही. मला वाटतं आक्कानंबी त्यावेळी श्वास धरलाता.

हाप्.

आक्कानं पोरीच्या कपाळावरचा घाम पुसला. आणि तोंड न फिरवता इचारलं, "तू कवापासनं ऐकतोस हे?"

"गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यापासनं."

माझी आक्का म्हंजे चप्पल फेकून मारणारी बाई. ल्हानपणी मी तिच्या चालण्याची नक्कल केली तवा वहाण नेम धरून मारलीती, खूण अजून हाय. त्या दिवशी ती एवढंच म्हणली, "जा, पाणी घिऊन ये." मी पाणी आणलं. तिनं पिलं न्हाय, बाजूला ठिवलं.

मग झोपेची तपासणी झाली, दवाखान्यातच एक रात्र, डोक्याला आणि छातीला वायरी, नाकाखाली नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. भाचीनं वायरी लावणाऱ्या बाईला इचारलं, "ह्यात माझा आवाज जातोय का?" ती बाई म्हणली, "जातोय की." ही रडायला लागली. कुणाला कळंना का रडती. मला कळलं, आणि मला तिला समजवायचं तोंड नव्हतं. दाजींनी समजावलं. सकाळी रिपोर्ट बघून डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करायचं, गाठी काढायच्या, लांबवायचं नाही.

ऑपरेशन सकाळचं हुतं. भूल द्यायला आत नेलं तवा तिनं आक्काला "येतो" म्हणून हात केला. आक्का, मी आणि दाजी बाहेर बाकड्यावर. दाजी मागाची सवय म्हणून तिथंबी वरडून बोलायला लागले, नर्सनं गप्प केलं.

समोरच्या बाकड्यावर एक पावणं बसलंतं, कुणाचातरी कान दाखवायला आल्यालं. माझ्याकडं बघून बघून शेवटी म्हणलं, "पावणं, तुमास्नी कुठंतरी बघितलंय."

"न्हाय बघितलं," मी म्हणलो.

"बघितलंय की हो! थांबा." त्यानं मोबाईल काढला. बोटानं वर-खाली केलं. "हे बघा! तुमीच की!"

आणि लावला त्यानं. मोठ्या आवाजात. घर्र खट्याक, घर्र खट्याक. आतल्या दाराच्या वरती लाल दिवा लागल्याला, आत माझी भाची भुलीखाली, आणि बाहेर मी तिचा श्वास बंद पाडायलोतो. मोबाईलमधनं माझाच आवाज म्हणला, "धागा तुटला..." आणि माणसांचं हसू यायच्या आधीचा तो गप्प तुकडा. मला तो किती लांब हाय ते माहीत हुतं, मीच बेतून कमी केलाता. त्या बाकड्यावर तो संपंना.

आक्का उठली आणि त्या माणसाफुडं जाऊन हुबी राह्यली. "बंद करा ते."

"अहो ताई, इनोदी हाय..."

"माझी पोरगी हाय ती. आत हाय."

त्यानं बंद केलं. बिचाऱ्याचं तोंड एवढं झालं. त्याची काय चूक? हसायला मीच दिलंतं त्याला. थोड्या वेळानं त्यानं आमच्यासाठी चहा आणला, आक्कानं घेतला, मी घेतला न्हाय. दाजी आपल्या पायाकडं बघत बसलेते. डोळ्यातनं पाणी येईपर्यंत हसल्याली माणसं त्यांच्याच शेडफुडं हुती.

डॉक्टर बाहेर आल्या, म्हणाल्या व्यवस्थित झालं. तोवर माझ्या अंगातला सदरा भिजलाता, कार्तिक महिन्यात.

घसा दुखत हुता तिला आठवडाभर. थंड आणि मऊ खायचं, म्हणून दाजी रोज आईस्क्रीम आणायचे आणि अर्धं सोत्ताच खायचे. पहिल्या दिवशी ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "मामा, माझा आवाज गेला?" मी म्हणलो, न्हाय, येतोय परत. आला, पण जरा येगळा आला. आधी नाकात बोलायची, आता स्वच्छ. माझ्याकडं जी पोरगी नकलेत हुती ती आता खऱ्यात कुठं न्हाय.

मी पावण्यांच्या ग्रुपवर लिहिलं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पुसा. एकानं विचारलं, "का ओ, चांगला हाय की." मी एकेकाला फोन केला. काहींनी पुसला. बाकीच्यांच्या मोबाईलमधी असंलच.

दोन-तीन महिन्यांनी आक्का तिला घिऊन आली. अंगावर मास चढल्यालं, गालावर रंग. ओलं अंथरूण बंद झाल्यालं. शाळेतल्या बाईंनी म्हणं वहीत लिहून पाठवलं की फार बोलते. आक्का ते वाक्य चार जणांना वाचून दाखवती. डॉक्टर म्हणाल्यात, सहा महिन्यांनी परत एकदा बघू, पण आत्ता तरी ठीक.

जेवण झालं. भाची माझ्याफुडं येऊन बसली. "मामा, आता मी कसा झोपतो?"

"मला काय ठावं?"

"रात्री आई उठून उठून बघती. म्हणती आता पोट वढत न्हाय. कर की आताचं."

आक्का भांडी घासता घासता थांबली.

मी चटईवर आडवा झालो. तोंड मिटलं, डोळं मिटलं. नाकानं श्वास घेतला, सोडला. घेतला, सोडला. काहीच केलं न्हाय दुसरं. एवढा वेळ केलं की मलाच झोप आली असती.

"झालं?" ती म्हणली.

"व्हय."

"हे काय, बोर हाय. कोण हसणार न्हाय ह्याला."

"न्हाय हसणार," मी म्हणलो.

तिला जांभई आली. ती उठली, आतल्या खोलीत गेली. मी दारातनं बघितलं. चटई भिंतीशी सरकवून घेतली, भिंतीकडं तोंड केलं, आणि आमच्या आईचं जुनं लुगडं डोक्यावरनं वढून घेतलं. अगदी त्या उन्हाळ्यासारखी. घशातल्या गाठी डॉक्टरांनी काढल्या. हे मी लावल्यालं हाय.

मी चप्पल घातली, मुद्दाम वाजवत. दार लोटलं, तेबी वाजवत. मागं पेरूच्या झाडाखाली गेलो आणि तिथनं भंगारवाल्याचा आवाज काढला, "ए भंगाऽऽर! पत्रा, डबा, बाटलीऽऽ!" म्हंजे तिला आत ऐकू जावं की मामा लांब हाय, भायेर हाय. जरा थांबून परत काढला, आणखी थोडं लांब जाऊन.

आई खिडकीतनं वरडली, "गप की रं मेल्या, पोरगी झोपलीय!"